हेल्मेटला उशीर का झाला?

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा १९६२ सालचा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातलं वाळवंट, उंटांचे तांडे आणि पांढऱ्या अरबी वेशातला नायक सगळ्यांच्या लक्षात असतो. पण त्या चित्रपटाची सुरुवात वाळवंटात होत नाही. इंग्लंडमधल्या एका हिरव्यागार खेड्यातल्या रस्त्यावर एक माणूस मोटारसायकल सुरू करतो, वेग वाढवत जातो, समोर अचानक दोन सायकलवाले येतात, तो गाडी वळवतो आणि मग दिसतो फक्त झुडपाला लटकलेला त्याचा गॉगल. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे त्या माणसाची आठवण आहे.

आज मला त्या वाळवंटाबद्दल बोलायचं नाही. मला बोलायचं आहे ते त्या रस्त्याबद्दल. कारण आपल्यापैकी कित्येक जण रोज सकाळी जे डोक्यावर चढवतात, किंवा चढवायचं टाळून हँडलला अडकवतात, त्या हेल्मेटच्या इतिहासातला एक मोठा धागा तिथून निघतो.

टी. ई. लॉरेन्स हा पहिल्या महायुद्धात अरबांच्या उठावात भाग घेतलेला ब्रिटिश अधिकारी. युद्धानंतर प्रसिद्धीला कंटाळून त्याने नाव बदललं आणि ब्रिटिश हवाई दलात अगदी खालच्या पदावर नोकरी धरली. त्या नोकरीत तो १९२७ साली कराचीला आला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढे वायव्य सरहद्दीवरच्या मिरानशाहला त्याची बदली झाली आणि जानेवारी १९२९मध्ये मुंबईच्या बंदरातून बोटीत बसून तो मायदेशी परतला. तिथे त्याचा एकच शौक उरला होता, तो म्हणजे वेगवान मोटारसायकल. नॉटिंगहॅमच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ‘ब्रफ सुपिरिअर’ या महागड्या गाड्या त्याने एकामागून एक वापरल्या. अपघात झाला तेव्हा त्याच्याकडे होती ती सातवी, आणि आठवी मागवून ठेवलेली होती.

तारीख १३ मे १९३५. हवाई दलातून निवृत्त होऊन त्याला जेमतेम अडीच महिने झाले होते. डॉर्सेट परगण्यातल्या आपल्या लहानशा घरातून तो जवळच्या बोव्हिंग्टन छावणीत गेला, एक तार केली आणि परत निघाला. रस्ता ओळखीचा, अंतर थोडं. वाटेत रस्त्याला एक खोलगट उतार होता, त्यामुळे पुढचं नीट दिसत नव्हतं. त्याच दिशेने दोन मुलं सायकलवरून चालली होती. मागून मोटारसायकलचा आवाज आला तशी ती एकामागोमाग झाली, असं चौकशीत सांगण्यात आलं. लॉरेन्सची गाडी मागच्या सायकलीच्या चाकाला घासली आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस तो बेशुद्ध होता आणि १९ मेच्या सकाळी गेला. वय ४६. अंत्ययात्रेला विन्स्टन चर्चिल आले होते.

या अपघातात खलनायक कोणी नाही, हे लक्षात घ्या. त्या मुलांनी आपल्या परीने नियम पाळला होता. लॉरेन्स दारू पिऊन गाडी चालवत नव्हता. रस्ता कोरडा होता, दिवस उजेडाचा होता. फक्त एक उतार, एका क्षणाचा उशीर आणि उघडं डोकं. आपल्याकडच्या अपघातांच्या बातम्या आठवून पाहा. त्यातल्या कितीतरी अशाच असतात.

त्या काळी ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या मृत्यूंनी लोक हादरले होते. १९३४ या एका वर्षात तिथे ७,३४३ माणसं रस्त्यावर मेली. १९३० साली गाड्यांची जुनी वेगमर्यादा काढून टाकली होती. ती चूक पाच वर्षांत कळली आणि मार्च १९३५पासून, म्हणजे लॉरेन्सच्या अपघाताच्या दोनच महिने आधी, वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली. रस्त्यावर कसं वागावं हे सांगणारी सरकारी पुस्तिका १९३१ सालीच निघाली होती. वेग, दिवे, हाताने करायच्या खुणा, या सगळ्याचा विचार सुरू झाला होता. डोक्याचा मात्र नव्हता.

लॉरेन्सला तपासायला ज्या तज्ज्ञांना बोलावलं, त्यांत ह्यू केर्न्स नावाचे तरुण शल्यविशारद होते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. ऑक्सफर्डला शिकलेले आणि अमेरिकेत हार्वे कुशिंग या मेंदूच्या शस्त्रक्रियेतल्या थोर गुरूच्या हाताखाली तयार झालेले. रुग्णासाठी करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. पण या मृत्यूने त्यांच्या मनात घर केलं, असं मानलं जातं. पुढची काही वर्षं त्यांनी जे केलं, ते मात्र भावनेचं काम नव्हतं. ते मोजणीचं काम होतं.

१९३९ साली दुसरं महायुद्ध पेटलं. हवाई हल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमधल्या रस्त्यांवर रात्री काळोख केला गेला आणि त्या काळोखात लष्कराचे निरोप्ये मोटारसायकलवरून धावू लागले. केर्न्स यांनी आकडे काढले. युद्धाच्या आधीच्या २१ महिन्यांत मोटारसायकलवरचे १,८८४ लोक मेले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत तोच आकडा २,२७९ झाला. शत्रूची गोळी न लागता, आपल्याच देशातल्या रस्त्यांवर. ज्यांच्या जखमांचा तपशील मिळाला, त्यांत डोक्याच्या जखमा सर्वांत पुढे होत्या. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्यांना फक्त सात सापडले. ते सातही वाचले होते.

सात हा आकडा लहान आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ऑक्टोबर १९४१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हे सगळं मांडलं आणि नागरिकांनीही असा टोप वापरावा, त्याने अनेक जीव वाचतील, असं सांगितलं. पुढच्याच महिन्यात लष्कराने हुकूम काढला की कामावर असलेल्या प्रत्येक मोटारसायकलस्वाराने हेल्मेट घातलंच पाहिजे. १९४३ साली, शंभरावर हेल्मेटधारी अपघातग्रस्तांचा हिशेब हाती आल्यावर, त्यांनी पुन्हा लिहिलं. हेल्मेट घातलेल्यांच्या कवट्या कमी फुटत होत्या. अपघातानंतरची आठवण पुसली जाण्याचा काळही त्यांच्यात कमी होता, म्हणजे मेंदूला बसलेला मार हलका होता. या कामात त्यांच्या जोडीला होल्बर्न नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी मेंदूच्या जागी जेलीचा गोळा ठेवून धक्क्याने तो आतल्या आत कसा पिळवटतो, हे दाखवून दिलं.

इथे कोणाला वाटेल की हेल्मेटचा शोध केर्न्स यांनी लावला. तसं नाही, आणि या गोष्टीतला खरा चटका तिथेच आहे. सरे परगण्यात ब्रुकलँड्स नावाची शर्यतींची मोठी धावपट्टी होती. तिथले डॉक्टर एरिक गार्डनर यांना शर्यतीत पडून डोकं फुटलेले स्वार वारंवार बघावे लागत. त्यांनी कॅनव्हास आणि लाखेचा टणक टोप बनवून घेतला. स्वारांनी कुरकुर केली, संघटनेने आधी नाकं मुरडली, पण १९१४ साली आइल ऑफ मॅन बेटावरच्या प्रसिद्ध शर्यतीत तो सक्तीचा झाला. शर्यतीनंतर तिथल्या डॉक्टरांचं गार्डनर यांना पत्र आलं. एरवी शर्यत झाली की डोक्याला मार बसलेले बरेच रुग्ण बघायला मिळतात, या वर्षी एकही आला नाही, असा त्याचा आशय होता.

म्हणजे १९१४ साली हे माहीत होतं. लॉरेन्स १९३५ साली गेला. लष्कराला १९४१ साली पटलं. आणि ब्रिटनमधल्या सर्वसामान्य मोटारसायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती कधी झाली? १ जून १९७३ रोजी. केर्न्स १९५२ सालीच वारले होते. माहिती हाती येण्यापासून तिचा नियम होईपर्यंत ५९ वर्षं गेली.

एवढा उशीर का झाला? कारणं आपल्या ओळखीची आहेत. शर्यतीतल्या स्वाराला धोका असतो, मी तर बाजारात चाललोय. सैनिकाला हुकूम देता येतो, नागरिकाला कसा देणार? डोकं माझं आहे, फुटलं तर माझं फुटेल, सरकारचं काय जातं? ब्रिटिश पार्लमेंटमध्ये इनॉक पॉवेल यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने या सक्तीला विरोध केला. फ्रेड हिल नावाच्या एका वृद्ध गृहस्थांनी तर हेल्मेट न घालता गाडी चालवत राहून अनेकदा तुरुंगवास पत्करला आणि १९८४ साली तुरुंगातच त्यांचा अंत झाला. पगडी बांधणाऱ्या शिखांना १९७६ साली कायद्यानेच सूट मिळाली, तशी ती आपल्या कायद्यातही आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या दबावामुळे बहुतेक राज्यांनी सक्ती केली होती. १९७६ साली तो दबाव उठताच अनेक राज्यांनी ती मागे घेतली आणि मृत्यू पुन्हा वाढले. तेव्हा हेल्मेटविरोध ही पुण्याचीच खासियत आहे, असं म्हणून आपण उगाच मिरवू नये.

आता पुण्याचा विषय निघालाच आहे. माझ्या पिढीने जे पुणे पाहिलं, ते सायकलींचं गाव होतं. प्रत्येक सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला, डबलसीट बसलं, एकेरी रस्त्यात उलटं घुसलं की चौकातला पोलीस पकडायचा आणि सरळ चाकातली हवा सोडायचा. डायनॅमोचा दिवा पायाच्या जोरावर पेटायचा आणि सिग्नलला थांबलं की विझायचा. त्या नियमांची आम्ही चेष्टा केली, पण ते अंगवळणी पडले. मग स्कूटर आल्या, मोपेड आल्या, मोटारसायकली आल्या. वेग दुप्पट-तिप्पट झाला. सवयी मात्र सायकलीच्याच राहिल्या. तीच निवांत वळणं, तेच गप्पा मारत शेजारी-शेजारी जाणं, तेच उघडं डोकं.

‘गावात वीस-तीसच्या वेगाने जायचं, त्याला हेल्मेट कशाला?’ हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. त्याचं उत्तर शाळेतल्या विज्ञानात आहे. साधारण दीड-पावणेदोन मीटर उंचीवरून कोणतीही वस्तू खाली पडली, तर जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास होतो. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण याच उंचीवर असतं. म्हणजे सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीवरून तुम्ही आडवे झालात, तरी डोकं ताशी २० किलोमीटरने डांबरावर आपटतं. गाडीचा वेग शून्य, डोक्याचा नाही. मेंदू जेमतेम दीड किलोचा आणि लोण्यासारखा मऊ. कवटी थांबते, पण तो आत पुढे जातच राहतो.

हेल्मेटचं काम डोकं ‘कडक’ करण्याचं नाहीच. बाहेरचं कवच धक्का पसरवतं. खरं काम करतो तो आतला थर. १९५३ साली अमेरिकेत रोथ आणि लोम्बार्ड या दोघांनी असा चिरडणारा थर असलेल्या हेल्मेटचं पेटंट घेतलं. आज आपण ज्याला थर्माकोल म्हणतो, तशाच पदार्थाचा तो असतो. डोकं आपटताना हा थर चुरडतो आणि चुरडताना डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर जागा देतो. उंचावरून फरशीवर उडी मारणं आणि वाळूवर मारणं यातला फरक इथे आहे. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदलायचं असतं, कारण आतली वाळू संपलेली असते. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त टोपात हा थर नावाला असतो किंवा नसतोच. आपल्या देशात १ जून २०२१पासून भारतीय मानक संस्थेच्या खुणेशिवाय हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. ‘आयएस ४१५१’ हा आकडा पाहून घ्यावा. आणि पट्टा लावावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जातं.

आपल्याकडे आंध्र प्रदेशातल्या हेल्मेटच्या नियमाला आव्हान दिलं गेलं होतं. मुक्त संचाराच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे, असं म्हणणं होतं. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. त्याच वर्षी नवा मोटार वाहन कायदा झाला, जुलै १९८९पासून तो लागू झाला आणि त्याच्या १२९व्या कलमात चालवणारा आणि मागे बसणारा अशा दोघांनाही हेल्मेट आलं. २०१९च्या दुरुस्तीने चार वर्षांवरच्या मुलांनाही ते लागू केलं. त्याहून लहान मूल गाडीवर असेल, तर फेब्रुवारी २०२३पासून त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा नियम आहे. दोन मुलांना पुढे-मागे घेऊन शाळेकडे धावणाऱ्या आईवडिलांपैकी कितीजणांना हा ठाऊक आहे?

कायदा झाला, पण सक्ती म्हटली की आपलं डोकं फिरतं. जानेवारी २०१९मध्ये पुण्यात पोलिसांनी हा नियम कडकपणे राबवायला घेतला, तेव्हा त्याच्या विरोधात दुचाकींचा मोर्चा निघाला. काहींनी हेल्मेटऐवजी पुणेरी पगडी घातली होती. चेष्टा म्हणून ते ठीक. पण अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांच्या मंदिलाखाली लोखंडी टोप होता, असं आपणच मुलांना अभिमानाने सांगतो. समोरचा दगा देईलच, अशी खात्री त्यांना नव्हती. तो देऊ शकतो, एवढं त्यांनी ओळखलं होतं. त्याला आपण भित्रेपणा म्हणत नाही. दूरदृष्टी म्हणतो.

विरोध करणाऱ्यांचं सगळंच चूक आहे, असं मी म्हणत नाही. उन्हाळ्यात हेल्मेटमध्ये डोकं उकडतं. गाडी लावल्यावर ते ठेवायचं कुठे, हा प्रश्न खरा आहे. खड्डे कोण बुजवणार, हा तर फारच खरा आहे. पण खड्ड्यांचा निकाल लागेपर्यंत डोकं उघडं ठेवायचं, हा कोणता न्याय? देशोदेशींच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित पडताळा २००८ साली घेतला गेला. हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असं त्यात दिसलं. आणि आपल्या केंद्र सरकारचा २०२२ सालचा अहवाल सांगतो, की त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवर होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे बसणारी म्हणजे कोण? बहुतेक वेळा आपलीच बायको, आपलीच आई, आपलीच मुलगी. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागच्या डोक्यावर फक्त ओढणी, हे दृश्य आपल्या इतकं सवयीचं झालं आहे की ते खटकतही नाही.

आता शेवटी त्या दोन मुलांकडे वळू या. गोष्ट लॉरेन्सची सांगितली जाते, पण त्या रस्त्यावर सायकलीही होत्या. सायकलस्वाराचं संरक्षण कशाने होतं? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने जुलै १९९०पासून सायकलवरही हेल्मेट सक्तीचं केलं. नेदरलँड्सने वेगळी वाट धरली. तिथे १९७१ साली तीन हजारांवर माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले, ‘बालहत्या थांबवा’ अशी चळवळ उभी राहिली आणि पुढे सायकलींसाठी वेगळे मार्ग झाले, वस्तीतला वेग उतरला. तिथले सायकलस्वार आजही सहसा हेल्मेट घालत नाहीत. सायकल चालवताना हेल्मेट जरूर घालावं, पडण्याच्या धक्क्यात ते कामाला येतं. पण मागून ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या गाडीपुढे सायकलवाल्याचं खरं हेल्मेट म्हणजे त्या गाडीचा उजवा हात. तो वेळेवर कमी पिळला गेला पाहिजे. म्हणून सायकलवाल्याने रात्री मागे तांबडा दिवा लावावा, वळण्याआधी मागे बघून हात दाखवावा, रहदारीत एकामागोमाग चालावं. आणि मोटारसायकलवाल्याने जिथे पुढचा रस्ता दिसत नाही, मग तो उतार असो, वळण असो की उभी बस, तिथे असं समजून जावं की पलीकडे दोन मुलं सायकलवर आहेत. बहुतेक वेळा ती नसतील. एखाद्या वेळी असतील.

डॉ. गार्डनर यांच्या हाती १९१४ साली एक पत्र होतं. डॉ. केर्न्स यांच्या हाती १९४१ साली सात रुग्ण होते. आपल्या हाती दरवर्षी पन्नास हजारांचा हिशेब येतो. माहितीपासून नियमापर्यंतचा उशीर आता संपला आहे, कायदा पुस्तकात आहे. उरलं आहे ते हँडलपासून डोक्यापर्यंतचं अंतर. ते जेमतेम हातभर आहे, आणि ते कापायला कोणत्याही सरकारची वाट पाहावी लागत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)